अडेल मोटार

धरणगांवाचें नांव काढतांच मराठी वाचकास बालकवींची आठवण व्हावी, हें योग्यच आहे. १८९० सालीं त्यांचा जन्म याच गांवीं झाला. परंतु माणसाच्या स्मृतीला वाङ्मयाची शिस्त मुळींच नसते. मला धरणगांव म्हटलें कीं प्रथम आठवते ती आमच्या ओसरीसमोर उभी असलेली एक मोटार, आणि त्या मोटारीपायीं एका भल्या माणसाचा मीं केलेला अपमान.

मोटार फिएट जातीची. १९७८ सालची पद्मिनी. वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या मुंबईंतील कारखान्यांत ती जन्मली, पण तिचें मूळ घराणें इटलीचें. त्या घराण्यांतील अकराशें जातीच्या गाड्या १९५० नंतरच्या वर्षांत ‘मिल्ले मिल्या’ या हजार मैलांच्या शर्यतींत धावल्या होत्या. ही कुळकथा माझ्या वडिलांना, अण्णांना, कोठून तरी कळली, आणि तेव्हांपासून ते तिला ‘शर्यतीची घोडी’ म्हणूं लागले. घोडी जरा वेगांत आली कीं तिचीं चारही दारें खडखडत. परंतु अण्णांच्या अभिमानास त्यामुळें कधीं तडा गेला नाहीं.

अण्णा २०१० सालीं गेले आणि मोटार माझ्याकडे आली. दोन वर्षांनीं, ऐन वैशाखांत, ती अडूं लागली. गांवांत कितीही फिरवा, तक्रार नाहीं. जळगांवच्या वाटेला लागलें, पाळधी मागें टाकली आणि गिरणेचा पूल दिसूं लागला, कीं एंजिन खोकावें, दोन धक्के द्यावे आणि गप्प व्हावें. दहा-पंधरा मिनिटें झाडाखालीं उभें राहिलें कीं जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशा थाटांत तें पुन्हां चालूं होई.

पेट्रोलाचा प्रवास तसा फार लांबचा नसतो. मागच्या टाकींतून तें एका बारीक नळीनें पुढें येतें. एंजिनाच्या कुशीला बसविलेला पंप तें कार्बोरेटरच्या वाटींत सोडतो. वाटींतला फ्लोट ‘पुरे’ म्हणेपर्यंत ती भरते. आणि तेथून सुईच्या नाकाएवढ्या जेटमधून फवारा होऊन तें हवेशीं मिसळतें. या वाटेवर अडथळा कोठेंही आला तरी शेवट एकच, एंजिन बंद पडणें. त्यामुळें जेथें दुखतें तेथेंच रोग आहे असें समजण्याचा मोह फार होतो. मला तो झाला. मोटार गांवांतल्या मिस्त्रींकडे नेली. अण्णांच्या वेळेपासून तिच्यावर त्यांचाच हात फिरला होता. त्यांनीं कार्बोरेटर उघडून धुतला, फुंकून पाहिला आणि म्हणाले, “मास्तर, यांत कांहीं नाहीं. आणखी कांहीं बदलूं नका. एकदां मला बरोबर घेऊन चला.”

दुसऱ्या दिवशीं गाडी पुन्हां अडली, आणि संतापाच्या भरांत मीं त्यांच्या शागिर्दांसमक्ष म्हणालों, “मिस्त्री, तुमचे हात आतां थकले.” त्यांनीं हातांतला पाना खालीं ठेवला. बोलले मात्र नाहींत.

मग मीं मोटार जळगांवीं नेली. पंप नवा, प्लग नवे, कॉइल नवी. पैसे गेले, खोड गेली नाहीं. जाणता भेटे तो एकच निदान सांगे: “खानदेशचा उन्हाळा! पेट्रोलाची नळींतच वाफ होते.” यांत खोटें कांहींच नव्हतें. पेट्रोलांतले हलके अंश पस्तीस-चाळीस अंशांच्या सुमारास उकळूं लागतात, आणि आमच्याकडे मे महिन्यांत सावलींतला पारा पंचेचाळिशीला टेकतो. नळींत वाफ सांचली कीं पंप नुसती वाफच दाबीत बसतो. शेंकडों फिएटवाल्यांप्रमाणें मींही पंपावर ओलें फडकें गुंडाळलें. मोटार थांबे, मी पाणी शिंपडीं, ती चालूं होई. आणि गुण पाण्याचा आला असें मी मानीं. वास्तविक पाणी न शिंपडतांही ती तितक्याच वेळांत चालूं झाली असती. तें करून पाहण्याचें मला सुचलें नाहीं. वीस वर्षें मुलांना शास्त्र शिकविणाऱ्या मला, हें विशेष.

डिसेंबरांत आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली. पहांटे पांचला निघालों. अंगावर शाल घेऊनही हुडहुडी भरत होती. आणि गिरणेच्या अलीकडे, नेमक्या त्याच ठिकाणीं, एंजिन खोकलें. अंधारांत आईला हाताला धरून रस्त्यावर उभें केलें आणि येणाऱ्या एस. टी.ला हात दाखविला. आई एवढेंच म्हणाली, “अण्णा असते तर मिस्त्रींना विचारलें असतें.” त्या थंडींत उन्हाची सबब तर उरली नव्हतीच, माझी स्वतःची सबबही उरली नाहीं.

त्या आठवड्यांत मिस्त्रींकडे गेलों. क्षमा मागण्याचे शब्द वाटेनें जुळविले होते, ते दाराशीं विसरलों. त्यांनीं स्टूल पुढें केलें, चहा मागविला आणि विचारलें, “कधीं बंद पडते? कोठें? किती वेळानें? आणि कधीं पडत नाहीं?” शेवटचा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. आठवूं लागलों, तेव्हां ध्यानांत आलें कीं ज्या दिवशीं वाटेंत पेट्रोल भरावें, त्या दिवशीं गाडी बिनतक्रार जळगांव गांठी.

मिस्त्री हंसले. आम्ही निघालों. ठरल्या जागीं मोटार थांबली. मी बॉनेटकडे धांवलों. ते सावकाश मागें गेले आणि टाकीचें झांकण त्यांनीं फिरविलें. ‘फुस्स’ असा लांब आवाज झाला. बाहेर येणाऱ्या हवेचा नव्हे, आंत शिरणाऱ्या. झांकण सैल ठेवून त्यांनीं किल्ली फिरविली. एंजिन लगेच चालूं झालें.

“मास्तर, गाडी भुकी नही, तिना दम कोंडाई ऱ्हायना,” ते आपल्या अहिराणींत म्हणाले. “तेलाच्या डब्याला दुकानदार दोन भोकें कां पाडतो?”

एका भोकांतून तेल येतें, दुसऱ्यांतून हवा जाते. पंप पेट्रोल ओढतो असें आपण म्हणतों. खरें पाहतां तो केवळ जागा रिकामी करतो, आणि ढकलण्याचें काम टाकींतली हवा करते. हवेला वजन असतें, हें पाऱ्याच्या नळीवरून ओळखणारा टोरिचेली इटलीचाच, सतराव्या शतकांतला. त्याचा पाठ मीं दरवर्षीं फळ्यावर नळी काढून शिकवीत आलों होतों. टाकींतलें पेट्रोल उपसलें जाई, त्याच्या जागीं हवा येत नसे, आणि अर्ध्या तासांत पंप हरे. उभें राहिलें कीं झांकणाच्या फटींतून कणाकणानें हवा झिरपे.

“हें झांकण कोणाचें?” मिस्त्रींनीं विचारलें.

झांकण माझें होतें. कोणी पेट्रोल चोरील या भीतीनें त्याच वर्षीं, चैत्रांत, मीं हौसेनें कुलुपाचें झांकण आणून बसविलें होतें. त्याला कुलूप होतें, भोंक नव्हतें. अण्णांचें जुनें झांकण त्यांच्या हत्यारांच्या पेटींत फडक्यांत गुंडाळलेलें सांपडलें. त्याच्या पोटांत सुई जाईल एवढें छिद्र होतें. मिस्त्रींनीं तें बसविलें. पैसे घेतले नाहींत. तेव्हां मात्र मीं विसरलेले शब्द बोललों, त्यांच्या शागिर्दांसमक्ष. त्यांनीं मान हलविली आणि पाना उचलला.

पद्मिनीचा कारखाना केव्हांच थांबला. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरच्या तिच्या टॅक्सीही संपल्या. मिस्त्रीही आतां नाहींत. आमची घोडी अजून ओसरीसमोर आहे, आणि तें कुलुपाचें झांकण माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून असतें. वर्गांत एखादा मुलगा वारंवार अडूं लागला, म्हणजे रागावण्यापूर्वीं माझी नजर त्या झांकणाची आठवण घेऊन येते, आणि मी विचारतों: कधीं अडतोस? कोठें? आणि कधीं अडत नाहींस?