सत्ताविसावा गडी

पंच या प्राण्याविषयी मला फार माया वाटते. खेळाडू चुकला तर तो खेळ. पंच चुकला की मात्र ते पाप! त्यातून चूक शेवटच्या क्षणी झाली, तर त्या बिचाऱ्याला लपायला जागाच उरत नाही.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरी २ जून २०१० रोजी असेच घडले. बेसबॉलच्या नऊ डावांत प्रतिपक्षाचे सत्तावीस गडी बाद करायचे असतात. त्यांतला एकही पहिल्या तळापर्यंत पोहोचू न देणे, हे गोलंदाजाचे परमभाग्य. १८८० पासून तोवर ते अवघ्या वीस जणांना लाभले होते. आर्मांडो गॅलरागाने सव्वीस गडी तसे बाद केले होते. सत्ताविसावा धावला. तो पोहोचण्याआधीच चेंडू गॅलरागाच्या हातमोज्यात आणि पाय तळावर होता. पण पंच जिम जॉईस यांनी दोन्ही हात पसरले. नाबाद!

गॅलरागा नुसता हसला, आणि पुढचा गडी बाद करायला वळला.

चित्रफीत पाहून जॉईस यांनी चूक मोकळेपणी कबूल केली. निर्णय मात्र कायम राहिला. दुसऱ्या दिवशी संघाची यादी घेऊन गॅलरागाच त्यांच्यापाशी गेला. जॉईस यांचे डोळे भरून आले.

२०१४ पासून असे निर्णय चित्रफितीवर तपासता येतात. ठीकच झाले. नियम मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवतोच. ते हसू कसे शिकवावे, एवढे मात्र अजून सुचलेले नाही.