उशिरा दचकणारा मासा

मासा मेला, हे कुणीही सांगेल. ९६ तासांत निम्मे मासे मारणारी मात्रा काढून प्रबंध बांधणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. त्या कामाला मी कधी मोठं मानलं नाही. मला हवा असतो खातापिता, पोहता, पण उशिरा दचकणारा मासा.

तानसा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतोय, म्हणून त्याच्याकडे लक्ष असतं. शहापूर-मुरबाडच्या ओहोळांकडे कोण बघतं? पहिल्या पावसात वलगणीचे मासे भातखाचरांत चढतात आणि पुढे तिथेच फवारणी होते. गेळफळ कुटून डोहात टाकलं की मासे तोंड उघडत वर येतात, ते विष लपत नाही. फवारणीतलं ऑर्गॅनोफॉस्फेट औषध मात्र मज्जातंतूंतलं विकर अडवतं; मात्रा थोडी असली तर वरून काही दिसत नाही.

दांडवण ही मासळी घ्या. काचेवर टिचकी मारली की झटकन वळते. विषानं हे वळणं किती मंदावतं, ते मोजायचं. पण चारपाच टिचक्यांनंतर निरोगी दांडवणही ढिम्म राहते. सवय आणि विष बाहेरून सारखीच दिसतात. बरं, एका माशाला एकच टिचकी मारावी, तर एकटी दांडवण भीतीनंच कोपऱ्यात गोठते. चौघींत ठेवली तर शेजारणीचं दचकणं बघून दचकते आणि विष झाकलं जातं. म्हणून चौघींच्या मध्ये धुरकट काच घातली. ती किती धुरकट हवी, यावर माझी अर्धी नोकरी गेली.

मोतीबिंदूनंतर मोजणी विद्यार्थिनीकडे आहे. ती मोबाइल स्टँडला लावून खोलीबाहेर जाते, मग चित्रण संथ करून बघते. “सर, तुम्ही समोर नसलात की त्या मोकळ्या पोहतात,” म्हणाली. मला ते लागलं. चिठ्ठी न वाचता विषाची टाकी ओळखणारी नजर, हाच माझा तोरा होता. पाहुणे आले की मी मुद्दाम ओळखून दाखवायचो. अजूनही तिच्या आकड्यांआधी माझा अंदाज सांगून टाकतो.

२०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. माशात हे औषध अडवतं तेच विकर माणसातही आहे. मेलेल्यांचा आकडा छापून आला. घरी परतून ज्याचा हात आधीसारखा चालत नाही, त्याची मोजणी कुणी करायची?

विद्यार्थिनी म्हणते, टिचकी सोडा, वरून खंड्यासारखी सावली सरकवू. तिची सवय लागणार नाही. मला पटत नाही. सावलीचीही लागते, फक्त किती वेळानं ते बघायला हवं. त्यासाठी औषध न लागलेल्या दांडवणी पाहिजेत, म्हणून सध्या आम्ही दोघं फवारणी न होणारं खाचर शोधतोय.