अट घालणारा माणूस

सोलापूरजवळच्या होटगीत सक्तीच्या लष्करी सेवेचे सगळ्यांत कडवे पुरस्कर्ते साठीच्या पुढचे आहेत. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाच्या खिशात शुगरच्या गोळ्या. स्टेशनाबाहेर चहा घेता घेता ठराव मांडला जातो: प्रत्येक पोराला दोन वर्षं मिलिटरीत घातलंच पाहिजे, इस्रायलकडे बघा जरा. 2025 च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, हा ठराव रोज सकाळी एकमतानं मंजूर व्हायचा. विरोधात मत पडण्याचा प्रश्न नव्हता. ज्यांच्याविषयी ठराव होता, त्यांतलं कुणीच तिथं बसलेलं नसे.

या चर्चेत शत्रूचा उल्लेख फार थोडा असतो. बोलणं पाकिस्तानवरून सुरू होतं आणि दोन मिनिटांत पोरांच्या केसांवर, मोबाइलवर आणि मोटारसायकलच्या सायलेन्सरवर येतं. लष्करात गेली की सरळ होतील, हा खरा मुद्दा. सक्तीचा प्रचार तोफा सीमेकडे वळवतो आणि नजर घरातल्या तरुणावर ठेवतो, असं मला फार दिवस वाटत आलंय.

हे होटगीचंच वैशिष्ट्य नाही. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनमध्ये सक्ती नव्हती. युद्धमंत्री लॉर्ड किचनरचं बोट रोखलेलं चित्र सप्टेंबर 1914 मध्ये छापलं गेलं आणि पुढं जगभर त्याच्या नकला निघाल्या. 1915 मधल्या एका पोस्टरवर लहान मुलगी वडिलांच्या मांडीवर बसून विचारते, महायुद्धात तुम्ही काय केलंत? भरती न झालेल्या तरुणाच्या हातात बायकांनी भर रस्त्यात पांढरं पीस द्यायचं, अशी मोहीम एका निवृत्त ॲडमिरलनं काढली होती. आपल्याकडं पीस लागत नाही, बांगड्या पुरतात. मराठी माणसाला रणावर धाडायचं असो की ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उभं करायचं असो, ‘बांगड्या भरल्यात का’ एवढं म्हटलं की काम होतं. ज्या बायका त्याच बांगड्या भरून दिवसभर शेतात राबतात, त्यांना याचं काय वाटतं हे कुणी विचारलेलं नाही. असो. एवढी लाज वाटूनही माणसं कमी पडली आणि जानेवारी 1916 मध्ये ब्रिटनच्या पार्लमेंटनं सक्तीचा कायदा केला. आधी अविवाहितांना, काही महिन्यांत विवाहितांनाही. ऑस्ट्रेलियाच्या सरकारनं मात्र लोकांना विचारलं. 1916 मध्ये आणि 1917 मध्ये, दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हणून सांगितलं.

हिंदुस्थानात गंमत उलटी झाली. 1917 च्या इंडियन डिफेन्स फोर्स कायद्यानं इथं सक्ती आणली ती फक्त गोऱ्या ब्रिटिश प्रजेवर. होटगी तेव्हाही जंक्शन. विजापूर–गदगकडून येणारी मीटरगेज इथं संपायची आणि मुंबई–मद्रासची मोठी लाइन समोर असायची. या फलाटावर एखादा गोरा इन्स्पेक्टर उभा असता तर त्याला कायद्यानं नाव नोंदवावं लागलं असतं. शेजारच्या हमालाला नाही. सरकारचा हमालावर जीव होता असं नाही. त्याच्या हाती बंदूक देण्याची भीती होती.

पण बंदुका उचलायला माणसं तर हवीच होती. त्या युद्धात सुमारे 13 लाख हिंदी माणसं गेली, कागदावर सगळी स्वखुशीनं. पंजाबात लेफ्टनंट गव्हर्नर ओडवायरच्या कारभारात गावागावावर भरतीचे आकडे लादले गेले. महाराष्ट्रात 1918 चा पाऊस दगा देऊन गेला, मागून इन्फ्लुएंझा आला. त्या काळच्या भरतीच्या पोस्टरवर वर्दी, रुपये आणि बंदूक एकत्र दाखवलेली दिसतात: लगेच येईल त्याची. घरात ज्वारी नसलेल्या माणसासमोर रुपयांचं चित्र धरलं की निराळ्या कायद्याची गरज काय?

याच वर्षात आपल्या दोन मोठ्या माणसांमध्ये जो व्यवहार झाला, तो मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. एप्रिल 1918 मध्ये व्हाइसरॉयनं दिल्लीत युद्धपरिषद घेतली. टिळकांना बोलावणं नव्हतं. गांधीजी गेले, ठरावाला पाठिंबा देऊन आले आणि जूनमध्ये खेडा जिल्ह्यात भरतीसाठी गावोगाव हिंडू लागले. अहिंसेचा माणूस सैनिक मागतोय, हे लोकांना उमगेना. साराबंदीच्या लढ्यात ज्यांनी फुकट बैलगाड्या दिल्या होत्या, ते आता भाड्यानंही गाडी देईनात, हे गांधीजींनी स्वतःच आत्मकथेत लिहिलंय. प्रचारक गांधीजींसारखा असूनही भरती होईना, यातून गुजरातच्या शेतकऱ्याची अक्कल दिसते.

टिळक भरतीच्या विरुद्ध नव्हते. 1917 मध्ये त्यांनी पुण्यात तरुणांना सैन्यात जायला सांगितलं होतं. पण जून 1918 मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डनच्या परिषदेत ते उभे राहिले आणि संरक्षणाचा प्रश्न स्वराज्यापासून वेगळा काढता येत नाही असं सांगू लागले, तेव्हा गव्हर्नरनं त्यांना अडवलं. टिळक सभा सोडून निघून गेले. पुढं त्यांनी गांधीजींना 50,000 रुपयांचा चेक पाठवला: हिंदी माणसाला सैन्यात अधिकारपदं देण्याचं वचन सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून 5,000 माणसं देतो, न दिली तर ही रक्कम जप्त. गांधीजींनी चेक परत केला. मदत करायची तर सौदा नको, असं त्यांचं म्हणणं.

गांधीजींचं म्हणणं उदात्त आहे, आणि तरी मी टिळकांच्या बाजूचा. जीव मागणाऱ्याला ‘बदल्यात काय?’ असं विचारणं हा हिशेबीपणा नाही. तो नागरिकपणा आहे. आणि प्रचाराची अडचण नेमकी तिथंच असते. प्रचाराला भित्र्या माणसाची फार चिंता नसते, त्याला बांगड्या दाखवून हलवता येतं. त्याला नकोसा असतो तो अट घालणारा. सक्तीचा कायदा म्हणजे त्या अटीचं तोंड बंद करण्याचा सरळ उपाय.

अट कशी घालावी हे खरं तर महाराष्ट्रात ज्यांना सैन्याचा दरवाजाच बंद होता त्यांनी शिकवलं. कंपनीच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या महार समाजाची भरती 1890 च्या दशकात थांबवण्यात आली; तुम्ही लढाऊ जात नाही, असं कारण. शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये थेट हिंदुस्थानमंत्र्याकडे अर्ज केला. उत्तर मिळायला महायुद्ध यावं लागलं. माणसं कमी पडताच 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, 1921 मध्ये मोडली. 1941 मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, पुन्हा गरज पडली. या खेपेला समोर सुभेदार रामजींचे चिरंजीव बाबासाहेब होते आणि ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजतागायत आहे. सोलापूरकरांना त्या युद्धातला विरोधाभास आणखी जवळचा. ज्या सरकारनं 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लावला आणि 12 जानेवारी 1931 ला इथली चार माणसं फासावर दिली, तेच सरकार दहा वर्षांनी याच शहरात लोकशाहीच्या रक्षणासाठी तरुण मागत होतं.

स्वतंत्र भारतात सक्तीच्या सर्वांत जवळ आपण 1963 मध्ये गेलो. चीनच्या युद्धानं देश हादरला होता. यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, ही भाषा घराघरात पोचली. बायकांनी अंगावरचं सोनं काढून दिलं. त्या लाटेत कॉलेजच्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. माझे थोरले काका त्या बॅचचे. पहिली काही वर्षं अंगात वारं होतं म्हणायचे, नंतर परेडपेक्षा परेडनंतरच्या नाश्त्याकडं लक्ष जास्त आणि सर्टिफिकेट देणारा डॉक्टर कोण, ही माहिती सगळ्या वर्गाला पाठ. 1968 मध्ये सक्ती उठली. मनापासून आलेली मुलं तेव्हाही राहिली.

सक्तीच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही, तो म्हणजे समानतेचा. आज सीमेवर कोण जातं? ज्याच्या वडिलांची पाच एकर कोरडवाहू आहे तो. राज्यघटनेच्या कलम 23 नुसार सरकारला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा घेता येते, पण धर्म, वंश, जात किंवा वर्ग पाहून भेद करता येत नाही. 2018 मध्ये संसदेच्या एका समितीनं राजपत्रित नोकरी हवी असणाऱ्यांना पाच वर्षं लष्करी सेवा सक्तीची करा, अशी शिफारस केली होती. ती आजवर अमलात आलेली नाही. पुण्याच्या आयटी पार्कातला आणि होटगीच्या शिवारातला एकाच रांगेत उभा करणारा प्रचार मला आजवर कुठं दिसलेला नाही.

होटगी रोडला पहाटे पळणाऱ्या पोरांना कुणी सक्ती केलेली नाही. 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत, एवढंच त्यांच्या डोक्यात. एकाला विचारलं, “काय बे, एवढं कशाला पळूलालास?” तो हसला आणि म्हणाला, “काका, पळायचं काय नाही. चार वर्षांनी परत आल्यावर काय, तेवढं सांगा की.” अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के मुलं कायम होतात. बाकीच्यांना एकरकमी पैसे मिळतात, पेन्शन नाही. त्या पोराला लढायला नको नाही. त्यानं अट घातली आहे, आणि ती रास्त आहे. सक्तीचा कायदा मागण्याइतकी देशाची काळजी ज्यांना आहे, त्यांनी आधी आपल्या खासदाराला एक पत्र लिहून त्या पंचाहत्तर टक्के मुलांच्या नोकरीचं काय, एवढं विचारावं.