उत्तनचा नाताळ

मराठी दिनदर्शिकेत २५ डिसेंबरच्या चौकटीत 'नाताळ' असे छापलेले असते. उर्दूत आपण त्या दिवसाला 'बडा दिन' म्हणतो. एकदा दहावीच्या वर्गात एका मुलाने मला विचारले, "सर, हा तर इंग्रजांचा सण. मग मराठीत त्याला 'नाताळ' का म्हणतात?" प्रश्न चांगला होता. हा शब्द इंग्रजी नाहीच. पोर्तुगीज भाषेत 'नाताल' म्हणजे जन्माचा दिवस. उर्दूतला 'गिरजा' आणि दोन्ही भाषांतला 'पाद्री' हे शब्दही पोर्तुगीजांकडूनच आले. मुंबई इंग्रजांच्या हाती जाण्यापूर्वीपासून हा सण आपल्या किनाऱ्यावर साजरा होत आला आहे.

आपल्या किनाऱ्यावर म्हणजे अगदी आपल्याच शहरात. भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली की मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे पडतात. मग डोंगरी येते आणि पुढे उत्तनचा समुद्र. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यांच्या राजवटीत इथल्या कित्येक कोळी आणि शेतकरी कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसईचा किल्ला जिंकला आणि पोर्तुगीज निघून गेले. या लोकांचा धर्म मात्र राहिला आणि बोलीही राहिली. आजही त्यांच्या घरांत मराठीचीच बोली ऐकू येते. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांच्या समाजाने १८८७ मध्ये घेतले. ते ऐकून पुष्कळांना वाटते की हे लोक कुठून तरी बाहेरून आले. ते तर इथले मूळचे रहिवासी. मीरा रोडला बाहेरून आलो ते आपण!

मराठी आणि ख्रिस्ती धर्म यांची ओळखही जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने गोव्यात राहून मराठी शिकून घेतली आणि ओवी छंदात 'क्रिस्तपुराण' लिहिले. ते १६१६ मध्ये छापले गेले. ज्या ओवीत संत ज्ञानेश्वरांनी लिहिले, त्याच ओवीत हजरत ईसांच्या जन्माची कथा चारशे वर्षांपूर्वी सांगितली गेली. आपल्या काळातले उदाहरण हवे असेल, तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवावेत. २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

माझे विद्यार्थी नाताळ ओळखतात तो मॉलमधल्या सांताक्लॉजवरून. या सांताचे मूळ म्हणजे संत निकोलस. ते चौथ्या शतकात मायरा नावाच्या शहराचे बिशप होते. हे ठिकाण आजच्या तुर्कस्तानात आहे. (आपल्या मीरा गावाशी त्याचे नावापुरतेच साम्य!) गरिबांना गुपचूप मदत करणारे म्हणून त्यांची ख्याती होती. लाल कोट आणि गुबगुबीत पोट ही खूप नंतरच्या चित्रकारांची देणगी. नाताळचे झाड जर्मनीतून आले. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडासह चित्र १८४८ मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात छापले गेले आणि ते झाड इंग्रजांच्या घरोघरी पोचले. मीरा रोडच्या दुकानात, घाम पुसत, प्लॅस्टिकच्या झाडावर कापसाचा बर्फ लावणारा माणूस पाहिला की मला हसू येते.

तारखेचेही असेच आहे. इंजीलमध्ये जन्माची तारीख दिलेली नाही. २५ डिसेंबर ही तारीख चौथ्या शतकात रोममध्ये रूढ झाली. त्या सुमारास रोमी लोकांचा सूर्याचा सण असे, त्यावरून ती आली असे काही अभ्यासक मानतात. दुसरे म्हणतात, ख्रिस्ती लोक २५ मार्चला हजरत मरियमना मिळालेल्या शुभवार्तेचा दिवस मानत. त्यापुढे नऊ महिने मोजले. आर्मेनियन चर्च तर आजही हा जन्मदिवस ६ जानेवारीला साजरा करते.

मग या सणाचा अर्थ कुठे सापडतो? मला तो गोठ्यात सापडला. उत्तनच्या घराघरांत नाताळात जन्माचा देखावा मांडतात. गवताचे छप्पर, गव्हाणीत ठेवलेले बाळ, शेजारी मरियम आणि योसेफ, बाहेर मेंढपाळ. ही प्रथा लोकप्रिय केली ती इटलीच्या संत फ्रान्सिस यांनी. १२२३ मध्ये ग्रेचो या गावी त्यांनी खरा बैल आणि खरे गाढव आणून गोठा मांडला. देवाचे येणे राजवाड्यात झाले नाही, जनावरांच्या गव्हाणीत झाले, हे गरीब माणसाला डोळ्यांनी दिसावे, हा त्यांचा हेतू होता. आपल्याकडच्या लोकांनी त्यात आपली भर घातली. नाताळच्या काही दिवस आधी ताटलीत नाचणी पेरायची. तिचे कोवळे हिरवे अंकुर म्हणजे बेथलेहेमचे शेत! बेथलेहेम म्हणजे आपले बैतुल लहम. डोंगरीच्या चर्चचे नावही बेथलेहेम मातेचे आहे.

हा जन्म आपल्यालाही अनोळखी नाही. कुराणात मरियम नावाची सूरत आहे. तिथे हजरत मरियम खजुराच्या झाडाखाली आहेत आणि पाळण्यातले बाळ लोकांशी बोलते. कुराणात नावाने उल्लेख आलेली स्त्री ही एकच. पण इथे फरकही आहे आणि तो झाकून ठेवू नये असे मला वाटते. ख्रिस्ती लोक मानतात की गव्हाणीतल्या बाळाच्या रूपाने प्रत्यक्ष देव माणूस झाला. त्यांच्या नाताळचा हाच गाभा आहे. आपण हजरत ईसांना अल्लाहचे पैगंबर मानतो, अल्लाहचा पुत्र मानत नाही. 'सगळे एकच आहे' असे म्हणून हा फरक पुसणे मला दोन्ही धर्मांवर अन्याय केल्यासारखे वाटते.

वर्गातल्या एका मुलीला तिच्या उत्तनच्या मैत्रिणीने नाताळला बोलावले होते. ती हळूच म्हणाली, "सर, गोठा पाहिला तर गुनाह होईल का?" मी म्हणालो, "बेटी, मी मराठीचा शिक्षक आहे, आलिम नाही. घरी अम्मी-अब्बांना विचार." मग मी तिला आमच्या मावशीची गोष्ट सांगितली.

ही मावशी उत्तनहून मीरा रोडला मासळी विकायला येई. २००० साली नाताळ रमजानमध्ये आला होता. ईदला दोन-तीन दिवस उरले होते आणि मी पाचवीत होतो. इफ्तारच्या आधी मावशी डबा घेऊन दारात आली. डब्यात नेवऱ्या आणि कुलकुल होते. अम्मी हसून म्हणाली, "मावशी, फुगे नाही आणले?" मावशी म्हणाली, "आमच्या फुग्यांच्या पिठात ताडी असते गं. तुमच्यात चालत नाही ना? म्हणून नाही आणले." तिने डबा दिला आणि अजान होईपर्यंत, आम्ही खाल्ल्याशिवाय, तीही काही न खाता बसून राहिली.

ती मुलगी मैत्रिणीकडे गेली की नाही, हे मी तिला विचारले नाही.

मावशी आता थकली आहे. दर वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी मी बायको-मुलीला घेऊन तिच्याकडे जातो. जाताना शीरखुर्मा नेतो. गेल्या खेपेला माझी मुलगी गोठ्यापुढे बसली होती. पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांचे उंट मावशीने दूर खिडकीपाशी ठेवले होते. मुलीने एक उंट उचलून गव्हाणीजवळ आणला. मावशी म्हणाली, "अगं थांब! त्यांना ६ जानेवारीला पोचायचंय. रोज थोडं थोडं पुढं सरकवायचं." मुलीने उंट परत नेला आणि नाचणीच्या कडेला, खिडकीपासून वीतभर अंतरावर ठेवला.

"इतका चालेल?" तिने विचारले.

"आजच्यापुरता चालेल," मावशी म्हणाली.