लेकीच्या कॉलेजात तीन दिवस

व्यापाऱ्याच्या घरात सुटी हा शब्द सहसा कोणी उच्चारत नाही. दिवाळीत दुकान, पाडव्याला दुकान, आणि लग्नसराईत तर बस्ता बांधता बांधता सूर्यास्तापूर्वीचे जेवणही कित्येकदा गल्ल्यामागे उभ्यानेच उरकावे लागते. वर्षाकाठी एकच फट अशी सापडते की जिच्यातून आपण बाहेर पडू शकतो. फाल्गुनातील अष्टाह्निका पर्व संपलेले असते, होळी-धुळवडीला बाजारपेठ शांत असते आणि वैशाखातील लग्नांची खरेदी अद्याप सुरू व्हायची असते. मार्चअखेरचे हिशेब डोक्यावर असतात, हे खरे. परंतु ते दोन-तीन दिवस मुनीमजींच्या स्वाधीन करता येतात. यंदा त्याच सुमारास आमच्या कन्येलाही सुटी होती. ‘मी येण्यापेक्षा तुम्हीच या,’ असा तिचा निरोप आला आणि आम्ही उभयतांनी धाराशिवहून पुण्याला जायचे ठरवले.

आमची कन्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व या विषयात एम.ए. करते. कापडाच्या व्यापारात तीन पिढ्या घालवलेल्या घरातील एकुलती एक मुलगी जुनी खापरे मोजायला पुण्याला जाते, याचे आमच्या नात्यागोत्यात बरेच नवल झाले. कॉमर्सला गेली असती तर दुकानाचा जमाखर्च तरी सांभाळला असता, असे अनेकांनी बोलून दाखवले. आमच्या मातोश्रींची हरकत मात्र वेगळी आणि अधिक वजनाची होती. श्रावकाने जे पंधरा व्यवसाय वर्ज्य करावेत असे शास्त्रात सांगितले आहे, त्यांत जमीन खणण्या-फोडण्याचे फोडीकर्म येते. पृथ्वीकायिक जीवांचा घात ज्यात आहे ते काम आपल्या नातीने हौसेने का पत्करावे, असा त्यांचा प्रश्न होता.

नातीने या प्रश्नाची थट्टा केली नाही. ती आजीजवळ बसून म्हणाली, “आजी, विहीर खणायला पहार लागते. आम्ही हातात मावेल एवढी थापी आणि ब्रश घेऊन बसतो. घाई केली तर आमचे सगळे कामच वाया जाते.” मातोश्री बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “जपून खण. जीव दिसला तर थांब.” त्यांनी परवानगी दिली ती या अटीवर.

या खेपेस मात्र आमच्यासमोर आणखी एक प्रश्न होता आणि पुण्याला जाण्याचे खरे कारणही तेच होते. बार्शीचे एक स्थळ आले होते. घराणे ओळखीचे, माणसे धार्मिक, मुलगा चार्टर्ड अकाउंटंट. वैशाखात लग्न व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. असे स्थळ वारंवार येत नाही, असे मध्यस्थांनी दोनदा सांगितले होते. फोनवर हा विषय काढावा असे आम्हा दोघांनाही वाटेना.

प्रवासाची शिदोरी सौभाग्यवतींनी आदल्या दिवशीच बांधली होती. दशम्या, ज्वारीच्या कडक भाकऱ्या, लसणाविना केलेली शेंगदाण्याची चटणी आणि कुंथलगिरीचा पेढा. ज्या कुंथलगिरीवर कुलभूषण आणि देशभूषण मुनी मोक्षाला गेले आणि जेथे १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली, त्या सिद्धक्षेत्राचा प्रसाद बरोबर असला की आमच्या घरचा कोणताही प्रवास पूर्ण होतो.

बार्शी मागे पडली तेव्हा मला वडिलांच्या गोष्टी आठवल्या. त्यांच्या लहानपणी आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि बार्शी इंग्रजांच्या हद्दीत. मध्ये करोडगिरीचे नाके. सोलापूर-बार्शीहून आणलेल्या कापडाच्या प्रत्येक गाठीवर तेथे जकात भरावी लागे. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी येडशीवरून लातूरला जाई. आमच्या गावाला ती शिवत नसे. सप्टेंबर १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला आणि पुढे नाकेही गेले. रेल्वे धाराशिवला आली ती मात्र मार्ग रुंद झाल्यानंतर, अगदी अलीकडे. ज्या हद्दीवर माझे आजोबा तासन्‌तास खोळंबत, ती आता गाडीच्या काचेतून दिसतही नाही.

डेक्कन कॉलेज येरवड्याच्या बाजूला, झाडीमध्ये आहे. मूळ संस्था १८२१ सालची. लोकमान्य टिळक आणि आगरकर येथेच शिकले. पुढे १९३९ साली या संस्थेला पदव्युत्तर संशोधनाचे रूप आले आणि हसमुख सांकलिया, इरावती कर्वे यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिचे नाव जगभर नेले. दगडी इमारतीच्या कमानींखालून आमची लेक पुढे चालत होती आणि भेटणाऱ्या प्रत्येकाला ‘हे माझे आईवडील’ असे सांगत होती. आमच्या पेठेत मला सगळे ओळखतात आणि ती माझी मुलगी म्हणून ओळखली जाते. येथे मी तिचा वडील होतो. हा बदल मला आवडला.

आईच्या डोळ्यांना प्रथम दिसते ते ताट. वसतिगृहाच्या खानावळीत कांदा-बटाटा असणारच. लेकीने तेथील स्वयंपाकीणबाईंशी संधान बांधून स्वतःपुरती भाजी आधी काढून ठेवण्याची सोय केली होती आणि संध्याकाळचा डबा ती दिवस मावळण्यापूर्वी संपवत असे. “उत्खननाच्या छावणीत कसे करतेस?” असे सौभाग्यवतींनी विचारले. “जमते तेव्हा पाळते. जमले नाही तर दूध आणि फळे तीही उजेडातच, नाहीतर सकाळपर्यंत काही नाही,” ती म्हणाली. आईने पुढे काही विचारले नाही. फक्त पेढ्यांचा डबा तिच्या कपाटात, पुस्तकांच्या मागे, नीट ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला तिच्या कामाचे स्वरूप समजावून दिले. जमिनीचा प्रत्येक थर वेगळा धरायचा. वरचा अलीकडचा, खालचा जुना. सापडलेले प्रत्येक खापर धुवायचे, वाळवायचे आणि त्यावर शाईने गावाचे, खड्ड्याचे व थराचे चिन्ह लिहायचे. मग वहीत नोंद. एका थराचे खापर दुसऱ्या थरात मिसळले की सगळा हिशेब बिघडतो. मी म्हणालो, “अग, हे तर आपले स्टॉकबुक झाले!” ती हसली आणि म्हणाली, “पप्पा, दुकानात गाठीवर चिठ्ठी लावायला मला तुम्हीच शिकवलेत ना?”

भीमेच्या खोऱ्यातील इनामगाव येथे या संस्थेने १९६८ पासून दीड दशक उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या वस्तीत धान्याचे कोठारही निघाले. धान्य साठवणारा म्हणजे देणेघेणे आले, देणेघेणे म्हणजे मोजमाप आले. ज्याला आपण धंद्याची परंपरा म्हणतो तिची मुळे किती खोल आहेत, हे ऐकताना मी थक्क झालो.

परंतु मला खरे थांबवले ते आमच्याच जिल्ह्यातील तेरने. तेर आपल्याला संत गोरोबा काकांचे गाव म्हणून माहीत असते. हेच प्राचीन तगर, असे फ्लीट या इंग्रज विद्वानाने १९०१ साली दाखवून दिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तकात तगराचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून पैठण दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणच्या पूर्वेला तगर दहा दिवसांच्या. धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्या भरून तगराचा माल भडोचला जाई; त्यात साधे कापड पुष्कळ, आणि नाना प्रकारची मलमलही. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या पंचक्रोशीतला कोणी कापडवाला महिनाभराच्या वाटेवर माल धाडत होता! वाहतूक, वाटखर्च, पावसात भिजलेली गाठ, उधारीची वसुली — त्याच्या सगळ्या चिंता मला न सांगता कळल्या.

तेरला रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनी गावात सापडलेल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेथे आहे. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तशाच घडणीची मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरात मिळाली. लेक हे सांगत असताना मला त्या पंधरा वर्ज्य व्यवसायांतील दंतवाणिज्य आठवले. हस्तिदंताचा व्यापार किती भरभराटीचा असेल आणि त्यातली हिंसा पाहून आपल्या आचार्यांना तो किती टोचला असेल, हे त्या मूर्तीमुळे प्रथमच डोळ्यांसमोर आले. पाठ केलेल्या शब्दामागे एखादी पेठ उभी असते, हे मला माझ्या मुलीने दाखवले.

त्याच संध्याकाळी एक नाजूक विषय निघाला. धाराशिवजवळची लेणी आपण भगवान पार्श्वनाथांची म्हणून मानतो. अकराव्या शतकाच्या सुमारास कनकामर मुनींनी अपभ्रंश भाषेत लिहिलेल्या ‘करकंडचरिउ’ काव्यात करकंड राजा तेरापूरजवळ येतो आणि लेण्यात पार्श्वप्रभूंचे दर्शन घेतो, अशी कथा आहे. डॉ. हिरालाल जैन यांनी ते काव्य १९३४ साली कारंजा ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. लेक म्हणाली, “पप्पा, ही लेणी मुळात बौद्ध असावीत आणि नंतर जैन झाली असावीत, असे काही अभ्यासक मानतात. काहींच्या मते ती प्रथमपासून जैनच.”

माझ्या मनाला ते लागले. मी विचारले, “आणि तू काय मानतेस?”

“मी अजून काहीच मानत नाही. आधी सगळे पुरावे पाहायला हवेत. आपली म्हणून एका बाजूला पारडे झुकवले, तर तो तराजू खोटा ठरेल.”

तराजूचा दाखला तिने व्यापाऱ्याच्या पोटी जन्मल्यामुळे दिला, की मला समजावे म्हणून दिला, ते मी विचारले नाही. अनेकांताचे प्रवचन मी असंख्य वेळा ऐकले आहे. वस्तूला अनेक बाजू असतात, एकाच बाजूने पाहणारा अपुरे पाहतो. ते तत्त्व स्वतःच्या श्रद्धेच्या ठिकाणी लावायची वेळ आली की छाती लागते. तिच्यापाशी ती होती. आणि हेही खरे की त्या डोंगरात प्रथम कोणी छिन्नी चालवली याचे उत्तर काहीही निघो, तेथील पार्श्वप्रभूंपुढे माझे मस्तक पूर्वीसारखेच नम्र होणार आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी बंडगार्डनजवळ नदीकाठी बसलो असताना सौभाग्यवतींनी बार्शीच्या स्थळाचा विषय काढला. लेकीने सगळे शांतपणे ऐकले. मग म्हणाली, “त्यांना नाही म्हणू नका आणि होही म्हणू नका. जे आहे ते सांगा. मला एम.ए. पुरे करायचे आहे, मग तेरच्या व्यापारावर पीएच.डी. करायची आहे. वर्षातले काही महिने मी मातीत असेन. हे ऐकूनही त्यांना भेटावेसे वाटले तर मी आनंदाने भेटेन. लपवून जमवलेले नाते म्हणजे आत फाटलेले आणि वरून घडी घातलेले कापड.”

“आणि दुकान?” मी विचारले. प्रश्न बरीच वर्षे माझ्या मनात होता. तो त्या दिवशी तोंडातून बाहेर पडला.

ती जराशी थांबली. “गादीवर मी बसेन असे वचन आज देत नाही, पप्पा. पण पणजोबांच्या मोडीतल्या वह्या माळ्यावर आहेत ना? करोडगिरीची जकात, बार्शीचे भाव, उधारी, सगळे त्यांत असेल. मी मोडी शिकते आहे. त्या वह्या मला द्या.”

सौभाग्यवती माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “आपल्या आत्याबाईंना सोलापूरच्या श्राविकाश्रमात शिकायला पाठवले, तेव्हाही लोक बोललेच होते. त्या शिकल्या म्हणून पुढे पन्नास मुली शिकल्या.” पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांच्या त्या संस्थेचे नाव आमच्या घरात आजही आदराने घेतले जाते. यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. मी तेथूनच बार्शीला फोन लावला आणि लेकीने सांगितले तसे, एक शब्दही न गाळता, सांगितले. पलीकडून ‘विचार करून कळवतो’ असे उत्तर आले. हा लेख लिहीपर्यंत त्यांचे कळलेले नाही. स्थळ कदाचित हातचे जाईल. ते चांगले आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही सौदा खरा झाला, एवढे समाधान मला आहे.

परत आल्यावर मातोश्रींना सर्व वृत्तान्त सांगितला. लेण्यांचा मतभेद ऐकून त्यांनी फक्त णमोकार म्हटला. वह्यांचे ऐकून मात्र कनवटीची किल्ली काढून दिली. माळ्यावरच्या पेटीत लाल बासनात बांधलेल्या एकवीस वह्या निघाल्या. कडा कसरीने खाल्लेल्या, परंतु अक्षर शाबूत.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर अशा वह्या असतील. दिवाळीत आपण नव्या वहीवर श्री लिहितो, तिची पूजा करतो आणि जुन्या वहीला जागा नाही म्हणून तिची चिंता करतो. त्या रद्दीत घालण्यापूर्वी घरातल्या शिकणाऱ्या मुलीला एकदा दाखवा. आणि सवड काढून तिच्या कॉलेजात एक दिवस जाऊन या. ती तेथे काय मोजते, काय तोलते, ते तिच्या शेजारी बसून पाहा.