तुपाची वाटी

जिंतूरच्या शेजारीच, हिंगोली जिल्ह्यात, नामदेवांची नरसी आहे. कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा इकडे लहानपणीच कानी पडते. ब्राझीलमधल्या आदिवासी वस्त्यांतील कुत्र्यांविषयी वाचताना तीच आठवली. तिथे लिशमॅनियासिसचा परजीवी कुत्र्यांत मुरतो आणि वालुमाशी तो माणसांपर्यंत नेते; म्हणून रोगनियंत्रणासाठी बाधित कुत्री मारली गेली. आपल्या देशातल्या काळ्या आजाराचा आश्रय मात्र मुख्यतः माणूसच. बऱ्या झालेल्याच्या त्वचेतही परजीवी वर्षानुवर्षे टिकू शकतो. त्या माणसासाठी उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी १९२० च्या दशकात औषध शोधले. दोघेही सारखेच अजाण. तरी एकाला उपचार, दुसऱ्याला मरण. नामदेवांची ती धाव मला आता भाबडी वाटत नाही.