अब्बांचा आवाज

तुमच्यापैकी कितीजण वहीच्या मागच्या पानावर काहीबाही लिहितात? हात वर करू नका, मला ठाऊक आहे. मीही लिहीत असे. पण लिहिलेले कोणाला दाखवावे, हा मोठाच प्रश्न होता.

आमचे घर मालेगावात. अब्बा यंत्रमागाच्या कारखान्यात रात्रपाळीला जात. मी उर्दू शाळेत शिकलो. नशिस्त म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नकोच. आमच्या मोहल्ल्यातल्या एका नशिस्तीला मी जाऊ लागलो. कोणीही काही वाचले की सगळे ‘वाह वाह’ म्हणत. माझ्याही वाट्याला ती आली आणि घरी येताना माझे पाय जमिनीवर ठरेनात. तिसऱ्या खेपेला मात्र एकाचे वाचन चालू असता मला डुलकी लागली. जागा होताच मीही सवयीने ‘वाह’ म्हणालो. मग मनात आले, माझ्या वेळी तरी कितीजण जागे असतील?

कॉलेजात गेल्यावर मराठीत लिहावेसे वाटू लागले. अब्बांवर एक लेख लिहून मी एका साहित्यसभेला गेलो. पहिल्याच वाक्यात मी ‘अब्बांची आवाज’ असे वाचले. मागच्या रांगेत हसू फुटले. तुम्ही हसणार नाही, कारण तुम्हीही असेच म्हणाला असता. उर्दूत आवाज स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी! मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि पुढे सहा महिने मराठीत एक ओळही लिहिली नाही.

एका रविवारी वाचनालयात पुस्तक बदलायला गेलो. ओसरीवर चार-पाच माणसे बसली होती. एक निवृत्त गुरुजी, प्राथमिक शाळेतल्या एक बाई, पोस्टातले एक कारकून आणि कांद्याची शेती करणारा एक तरुण. तो तरुण कविता वाचत होता. त्याने संपवले, पण कोणी ‘वाह’ म्हणाले नाही. थोडा वेळ सगळे गप्प बसले. मग बाई म्हणाल्या, “तिसरे कडवे पुन्हा वाच बरे.” मी दाराशीच उभा होतो. गुरुजी म्हणाले, “उभा का रे? बस की.”

तीन रविवार मी नुसता ऐकत बसलो. तेथे एक रीत होती : दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय आपले वाचायचे नाही. ही रीत मला फार आवडली. चौथ्या रविवारी तोच घडी घातलेला कागद काढला. हात थरथरत होते. ‘अब्बांची आवाज’ पुन्हा आलीच. पण कोणी हसले नाही. बाईंनी पेन्सिलीने एक बारीक खूण तेवढी केली. पुढे माझे वाक्य होते, “माझे वडील म्हणजे कष्टांचे महामेरू.”

गुरुजींनी विचारले, “हा महामेरू घरी किती वाजता येतो?”

“सकाळी सातला,” मी म्हणालो.

“आल्यावर काय करतो?”

मी सांगू लागलो. अब्बांच्या भुवयांवर कापसाचे तंतू असतात. ते अम्मीशी फार मोठ्याने बोलतात. लहानपणी मला वाटे, ते रोज रागावूनच घरी येतात. मी पांघरुणात तोंड लपवून पडून राहत असे.

“अजूनही रागावतात?” पोस्टातल्या काकांनी विचारले.

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसाच थांबलो. यंत्रमागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षे उभे राहून अब्बांचे कान अधू झाले होते. त्यांना स्वतःचा आवाजही नीट ऐकू येत नव्हता. हे मला माहीत नव्हते असे नाही. पण त्या क्षणापर्यंत मी ते कधी जोडून पाहिले नव्हते. ज्या माणसाला मी इतकी वर्षे भीत होतो, तो रागावलेला नव्हताच.

“हे कागदावर कोठे आहे?” गुरुजींनी विचारले. कोठेच नव्हते.

गालिब आपल्या शागिर्दांच्या गझला दुरुस्त करून टपालाने परत पाठवत. त्यालाच आपण इस्लाह म्हणतो. ओसरीवर मला तीच मिळत होती, फक्त उस्ताद एक नसून चार होते. एकदा गुरुजींनी रविकिरण मंडळाची गोष्ट सांगितली. १९२३ साली पुण्यात काही कवी एकत्र आले आणि एकमेकांच्या कविता ऐकू लागले. त्यांतले माधव जूलियन हे फारशीचे प्राध्यापक. त्यांनी फारशी-मराठी कोश तयार केला आणि मराठीत गझलही लिहिली. आपल्या ओळखीचे शब्द मराठीत किती आहेत, हे मला तेव्हा प्रथम कळले. ‘दुकान’ तर रोजचेच. मराठीत आल्यावर त्याने फक्त लिंग बदलले!

लेख मी पाच वेळा लिहिला. महामेरू गेला, कापसाचे तंतू आले. कारखाना शुक्रवारी बंद असे. त्या दिवशी मी तो अब्बांना वाचून दाखवायचे ठरवले. त्यांची मराठी बाजारापुरतीच होती, तरी ते समोर येऊन बसले. मी दोन वाक्ये वाचली.

“जोर से पढ़ो, बेटा,” ते म्हणाले.

मी आवाज वाढवला, आणखी वाढवला. थोड्याच वेळात शेजारच्या खाला धावत आल्या. त्यांना वाटले, आमच्या घरी भांडण लागले आहे.